पोटात दुर्बीण घालायला हैदराबादच का? आदिलाबादच्या सीमेवरचा एक न सुटलेला प्रश्न

आदिलाबाद : कापूस वेचणीचे दिवस सुरू झाले की बेला, जैनथ, तामसी भागातल्या मेडिकल दुकानांत दोन गोळ्यांचा खप वाढतो. एक कंबरदुखीची आणि दुसरी ॲसिडिटीची. सकाळी एक घ्यायची, संध्याकाळी दुसरी. चिठ्ठी कोणी मागत नाही आणि कोणी देतही नाही. पोटात आग पडते, छातीत जळजळते, घास खाली उतरत नाही, अशा तक्रारी घेऊन माणूस आधी गावातल्या आरएमपी डॉक्टरकडे जातो. तिथे सुई आणि गोळी मिळते, चार दिवस बरे वाटते. मग परत तेच. असे सहा महिने, कधी वर्षही निघून जाते. शेवटी कोणीतरी सांगते, ‘हैदराबादला किंवा नागपूरला जा, दुर्बीण घालून बघा.’

हैदराबाद आदिलाबादहून सुमारे तीनशे किलोमीटर, नागपूर सुमारे दोनशे. तपासणी असते पाच-दहा मिनिटांची. पण दहा मिनिटांच्या या तपासणीसाठी पेनगंगेच्या दोन्ही काठांवरच्या मराठी माणसाला दोन-तीन दिवस, सोबतीला एक माणूस आणि उसनवारीचे पैसे लागतात. म्हणून तो जात नाही. जातो तेव्हा बऱ्याचदा उशीर झालेला असतो.

यात एक विरोधाभास आहे. पोटाच्या दुर्बिणीच्या उपचारांत आज जगात ज्या शहरांचे नाव घेतले जाते, त्यात हैदराबाद आहे. तिथल्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएन्टरॉलॉजीचे संस्थापक डॉ. डी. नागेश्वर रेड्डी यांना 2002 मध्ये पद्मश्री, 2016 मध्ये पद्मभूषण आणि 2025 मध्ये पद्मविभूषण मिळाले. देशोदेशीचे डॉक्टर दुर्बिणीचे तंत्र शिकायला हैदराबादला येतात. त्याच राज्याच्या उत्तर टोकावरच्या नारनूर-गादीगुड्याच्या माणसाला मात्र साध्या जठराच्या तपासणीसाठी पैशांची जुळवाजुळव करावी लागते.

दुर्बीण नेमके काय दाखवते?

एंडोस्कोपी म्हणजे करंगळीएवढ्या जाडीची लवचिक नळी. तिच्या टोकाला दिवा आणि कॅमेरा असतो. तोंडातून घातली तर अन्ननलिका, जठर आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग दिसतो. गुदद्वारातून घातली तर मोठे आतडे दिसते, तिला कोलोनोस्कोपी म्हणतात. पित्तनळीत खडा अडकून कावीळ झाली असेल, तर ईआरसीपी नावाच्या प्रकाराने पोट न फाडता तो खडा काढता येतो.

सोनोग्राफीत लिव्हर, पित्ताशय, किडनी चांगली दिसते. पण जठराच्या आतल्या अस्तरावरचा व्रण किंवा सुरुवातीची गाठ सोनोग्राफीत सहसा सापडत नाही. ‘सोनोग्राफी नॉर्मल आहे, काही नाही’ असे ऐकून घरी परतलेल्यांपैकी काहींचे दुखणे तिथेच लपून राहते. दुर्बिणीचा दुसरा फायदा म्हणजे तुकडा घेता येतो. संशयास्पद जागेचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा काढून तपासायला पाठवतात, तो काढताना दुखत नाही. व्रण साधा आहे की कॅन्सरचा, हे त्या तुकड्यावरूनच पक्के ठरते.

तिसरा फायदा जीव वाचवणारा आहे. रक्ताची उलटी झालेल्या रुग्णात दुर्बिणीतूनच रक्त थांबवता येते. दारूमुळे किंवा हेपॅटायटिसमुळे लिव्हर आकसलेल्यांच्या अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात आणि एक दिवस फुटतात. त्या शिरांना दुर्बिणीतून रबराचे छोटे बँड घालतात. अशा रक्तस्रावात रुग्णाला आधी सावरून साधारण 12 तासांच्या आत दुर्बीण घालावी, हे जगभरातल्या डॉक्टरांनी मान्य केलेले सूत्र आहे. गादीगुड्याहून उटनूर, उटनूरहून आदिलाबाद आणि तिथून हैदराबाद असा प्रवास करणाऱ्याचे त्यातले किती तास रस्त्यावरच जातात, हे सीमाभागातल्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

ॲसिडिटीच्या गोळीमागे काय दडते?

पूर्वी असा समज होता की अल्सर हा तिखट खाण्याने आणि काळजीने होतो. ऑस्ट्रेलियातले डॉक्टर बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी 1980 च्या दशकात दाखवले की यामागे बहुतेक वेळा हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू असतो. कोणी विश्वास ठेवेना, तेव्हा मार्शल यांनी 1984 मध्ये स्वतः तो जंतू पिऊन घेतला. काही दिवसांत त्यांना मळमळ आणि उलट्या सुरू झाल्या, आणि त्यांच्या जठराला सूज आल्याचे दुर्बिणीनेच दिसले. या शोधासाठी दोघांना 2005 चे नोबेल मिळाले.

आदिलाबादच्या माणसासाठी या गोष्टीचा अर्थ सरळ आहे. हा जंतू दाटीवाटीच्या घरांत आणि अस्वच्छ पाण्याच्या भागांत जास्त पसरतो. तो असेल तर साधारण दोन आठवड्यांच्या अँटिबायोटिक कोर्सने बहुतेकांचा बरा होतो. नुसती ॲसिडिटीची गोळी खात राहिले तर आग शमते आणि जंतू तसाच राहतो. वर्षानुवर्षे राहिला तर काही जणांत पुढे जठराच्या कॅन्सरची शक्यता वाढते.

अल्सरचे दुसरे मोठे कारण म्हणजे दुखण्याच्या गोळ्या. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या रोज, तेही उपाशीपोटी घेतल्या की जठराचे अस्तर सोलवटते. वाकून कापूस वेचणाऱ्या, पोती उचलणाऱ्या बाया-माणसांत हे घडते. वाईट गोष्ट अशी की काही वेळा ती गोळीच दुखणे दाबून ठेवते. माणसाला पोटदुखी जाणवत नाही आणि एकदम काळे शौच किंवा रक्ताची उलटी होते. तंबाखू, खर्रा आणि दारू या तिघांनी अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका वाढतो, हेही जुनेच सत्य आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेच्या 2022 च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला अन्ननलिकेच्या कॅन्सरचे सुमारे 70 हजार, मोठ्या आतड्याचे सुमारे 70 हजार आणि जठराचे 65 हजारांच्या आसपास नवे रुग्ण निघतात. म्हणजे तिन्ही मिळून दोन लाखांच्या वर. सरकारी आरोग्य केंद्रांत तिशीच्या पुढच्यांची कॅन्सर तपासणी होते ती तोंडाची, स्तनाची आणि गर्भाशयमुखाची. पोटाचा कॅन्सर त्या यादीत नाही. सगळ्यांची सरसकट दुर्बिणीची तपासणी करणे शक्य नाही आणि गरजेचेही नाही. म्हणून लक्षण ओळखून वेळेवर पाठवणे एवढाच मार्ग हातात राहतो, आणि नेमका तोच सीमाभागात कच्चा आहे.

कोणाला लागते, कोणाला नाही

एक गोष्ट स्पष्ट असावी. जळजळ झाली की लगेच दुर्बीण, असे नसते. तरुण माणूस, वजन ठीक, रक्त ठीक, बाकी काही तक्रार नाही, अशा वेळी आधी जंतूची तपासणी आणि औषध पुरते. शहरातल्या काही ठिकाणी ‘पॅकेज’मध्ये दुर्बीण जोडून बिल वाढवले जाते, अशी तक्रार रुग्ण करतात. तेव्हा ‘ही तपासणी का?’ असे विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे.

पण पुढची लक्षणे असली तर थांबू नये :

- घास घशात किंवा छातीत अडकणे, आधी भाकर आणि मग पातळही न उतरणे
- डांबरासारखे काळे, चिकट शौच किंवा रक्ताची उलटी (रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते, म्हणून घाबरण्याआधी डॉक्टरला ते सांगावे)
- काही न करता वजन उतरणे, सतत उलट्या
- शौचातून रक्त, शौचाची सवय अचानक बदलणे
- पुरुषांत किंवा पाळी गेलेल्या बाईत रक्त कमी होणे
- पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला पोटाचा त्रास

यातला रक्त कमी होण्याचा मुद्दा या जिल्ह्यात विशेष दुर्लक्षित राहतो. ‘रक्त कमी आहे’ हे इथे इतके सर्रास आहे की त्यामागे आतून झिरपणारा व्रण असू शकतो, हा विचारच मागे पडतो. लोहाच्या गोळ्या दिल्या जातात, कधी रक्त चढवले जाते, आणि गळती कुठे आहे ते पाहायचे राहून जाते.

1956 ची रेषा आणि आजचे कार्ड

इथला मराठी माणूस दोन राज्यांत विभागला गेला तो 1956 च्या राज्य पुनर्रचनेत. हैदराबाद संस्थानातला आदिलाबाद जिल्हा आंध्रात गेला. त्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातले इस्लापूर सर्कल तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. उलट नांदेड जिल्ह्यातल्या मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही सर्कल्स आदिलाबादला जोडली गेली. 2014 मध्ये तेलंगणा झाला, 2016 मध्ये जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले. सोयरिकी, बाजार, यात्रा मात्र तशाच राहिल्या. किनवटची माणसे आदिलाबादच्या बाजारात येतात, बेल्याची माणसे कोरपन्याला जातात.

आजारपणही तसेच रेषा ओलांडते. आदिलाबादचे राजीव गांधी वैद्यकीय विज्ञान संस्था म्हणजे रिम्स रुग्णालय 2008 पासून आहे. तिथल्या ओपीडीत किनवट, झरी-जामणी, पांढरकवडा, कोरपना भागातले रुग्णही येतात, कारण त्यांना तेच जवळ पडते. आदिलाबादची माणसे यवतमाळ, सेवाग्राम, नागपूर गाठतात, कारण तिथे डॉक्टरशी मराठीत बोलता येते.

अडते ते कार्डावर. आरोग्यश्री ही तेलंगणाची योजना, तिची मर्यादा डिसेंबर 2023 मध्ये 10 लाख रुपये झाली. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना महाराष्ट्राची. ज्याचे रेशनकार्ड ज्या राज्याचे, त्याला त्या राज्याची योजना. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला दुसऱ्या राज्यातल्या यादीतल्या रुग्णालयातही उपचार घेता येतात. हे अनेकांना माहीतच नसते, आणि यादीत आपले नाव आहे का हेही पाहिलेले नसते.

त्याहून मोठी अडचण योजनेच्या रचनेत आहे. आयुष्मान भारत योजना भरती होऊन घ्यायच्या उपचारासाठी आहे. ओपीडीचा खर्च तिच्यात येत नाही. भरतीआधीच्या तीन दिवसांतल्या तपासण्या धरल्या जातात, पण भरती झाली तरच. पोटाची दुर्बीण ही बहुतेक वेळा ओपीडीत, सकाळी येऊन दुपारी घरी जाण्याची तपासणी. म्हणजे कॅन्सर निघाला तर ऑपरेशनला लाखो रुपये मिळू शकतात, तो लवकर सापडावा म्हणून करायच्या तपासणीला मात्र खिशात हात घालावा लागतो. तेलंगणात सरकारी डायग्नोस्टिक केंद्रांतून रक्त-लघवीच्या तपासण्या मोफत होतात, हे चांगलेच आहे. पण रक्ताचा रिपोर्ट आला तरी जठराच्या आत कोणी पाहिलेले नसते.

राजकारणाने ठरवले तर योजना सीमा ओलांडू शकते, याचेही उदाहरण आहे. 2023 मध्ये महाराष्ट्र सरकारने कर्नाटकातल्या 865 मराठी सीमागावांपर्यंत आपली आरोग्य योजना नेण्याचा निर्णय घेतला. त्यावर कर्नाटकात वाद झाला तो वेगळा. आदिलाबादकडे मात्र तसे कोणाचे लक्ष नाही. जुन्या आदिलाबादच्या हद्दीवर, जिवती आणि केरामेरीच्या मधल्या गावांत लोकांकडे दोन्ही राज्यांची कार्डे आहेत. दुर्बिणीची सोय मात्र दोन्हीकडून लांबच आहे.

इमारत झाली, पुढे काय?

केंद्राच्या प्रधानमंत्री स्वास्थ्य सुरक्षा योजनेतून रिम्समध्ये सुपर स्पेशालिटी ब्लॉक उभा राहिला. इमारत आणि यंत्रे पैशांनी येतात. पोटविकारतज्ज्ञ तयार व्हायला वेळ लागतो. एमबीबीएसची साडेपाच वर्षे, मग एमडीची तीन, मग डीएमची तीन, म्हणजे बारावीनंतर साडेअकरा वर्षे. इतके शिकलेला डॉक्टर हैदराबाद, नागपूर सोडून जिल्ह्याच्या ठिकाणी सहज येत नाही. हे दुखणे फक्त आदिलाबादचे नाही, महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांतही हेच आहे.

पण प्रत्येक दुर्बिणीला डीएम डॉक्टर लागतोच असे नाही, आणि या चर्चेत हीच गोष्ट मागे राहते. नुसती तपासणीची दुर्बीण आणि तुकडा घेणे हे प्रशिक्षण घेतलेला सर्जन किंवा फिजिशियन करू शकतो. देशात अनेक ठिकाणी सर्जनच ती करतात. वैद्यकीय महाविद्यालय असल्यामुळे तुकडा तपासणारा पॅथॉलॉजी विभागही त्याच आवारात असतो. ईआरसीपी किंवा अवघड रक्तस्राव हैदराबादला पाठवावेत. पण घास का अडकतो, एवढे पाहायला माणसाने तीनशे किलोमीटर का जावे?

म्हणून सुपर स्पेशालिटीच्या उद्घाटनाच्या फलकापेक्षा एक साधा फलक जास्त उपयोगाचा आहे. जठराची दुर्बीण कोणत्या वारी, कोणत्या खोलीत, किती पैशांत, सीमेपलीकडच्या रुग्णाला चालेल की नाही, एवढेच त्यावर तेलुगू, मराठी आणि उर्दूत लिहिलेले असावे. आजचा रुग्ण ही माहिती ओळखीच्या कंपाउंडरला विचारून मिळवतो.

भाषेमुळे फुकट जाणारी खेप

जठराच्या दुर्बिणीआधी सहा ते आठ तास उपाशी राहायचे असते. कोलोनोस्कोपीची तयारी मोठी. आदल्या दिवशी हलके, पातळ खायचे, मग पोट साफ करणारे औषध भरपूर पाण्यातून ठरलेल्या वेळी घ्यायचे. आतडे स्वच्छ नसेल तर कॅमेऱ्याला काही दिसत नाही आणि तपासणी पुढे ढकलावी लागते. मधुमेहाची, रक्त पातळ होण्याची औषधे चालू असतील तर ती थांबवायची की नाही, हे डॉक्टरला आधी विचारावे लागते. जंतूच्या तपासणीआधी ॲसिडिटीच्या गोळ्या साधारण दोन आठवडे बंद ठेवायच्या असतात, नाहीतर जंतू असूनही ‘नाही’ असा रिपोर्ट येऊ शकतो.

हे सगळे ज्या कागदावर लिहिलेले असते तो कागद इंग्रजीत किंवा तेलुगूत असतो. बेल्याच्या मराठी शाळेत शिकलेल्या बाईला तो वाचता येत नाही. गोंडी किंवा कोलामी बोलणाऱ्या म्हातारीला कोणताच कागद वाचता येत नाही. चहा पिऊन आली, म्हणून परत पाठवली. एक खेप, दोन माणसांची मजुरी आणि बसभाडे फुकट. ती पुन्हा येईलच असे नाही.

तुकड्याचा रिपोर्ट यायलाही काही दिवस लागतात. तो घ्यायला परत यायचे असते, पण तोवर गोळीने बरे वाटू लागलेले असते. रिपोर्ट फाईलमध्ये पडून राहतो. कॅन्सरचा असेल तर तो फोन करून कळवण्याची जबाबदारी कोणाची, हे ठरलेले हवे.

फार पैसे न लागणारी चार कामे

पहिले काम आशाताईंचे. घरभेटीत तीन प्रश्न वाढवले तरी पुरे : घास अडकतो का, शौच काळे होते का, वजन उतरले का. ‘हो’ आले तर चिठ्ठी थेट जिल्हा रुग्णालयाची. हे पेनगंगेच्या दोन्ही बाजूंना करता येईल.

दुसरे काम रिम्स आणि शेजारच्या महाराष्ट्राच्या आरोग्य विभागाने एकत्र बसून करायचे. ओपीडीतली दुर्बीण योजनेत घेणे किंवा सरकारी दरात ठेवणे, आणि एका राज्याची चिठ्ठी दुसऱ्या राज्यात चालवणे. हत्ती-वाघांसाठी आणि पाण्यासाठी राज्ये एकमेकांशी बोलतात, रुग्णांसाठी बोलायला अडचण नसावी.

तिसरे, तयारीचा एक पानी कागद मराठीत, आणि वाचता न येणाऱ्यांसाठी गोंडी-कोलामीत फोनवर ऐकता येईल असा आवाजी निरोप. उटनूरच्या आयटीडीएकडे या भाषा बोलणारी माणसे आहेत.

चौथे, दर महिन्याला ठरलेल्या दिवशी उटनूर किंवा बोथला दुर्बिणीचे शिबिर. दुर्बीण बसमध्ये बसवून खेड्यात नेण्याचे प्रयोग देशात झालेले आहेत. फक्त नळी प्रत्येक रुग्णानंतर नीट निर्जंतुक करण्याची सोय त्यात असलीच पाहिजे, त्यात तडजोड नको.

यातले एकही काम होईपर्यंत माणसाने स्वतःपुरते एवढे करावे. दुखण्याची गोळी उपाशीपोटी आणि रोज घेऊ नये. ॲसिडिटीची गोळी दोन-तीन आठवड्यांहून जास्त लागत असेल तर दुकानदाराला न विचारता डॉक्टरला विचारावे. ‘नळी घालतात म्हणे, जीव गुदमरतो’ ही भीती सोडावी. घशात बधिर करणारा फवारा मारतात, श्वासाची वाट वेगळी असते, आणि गंभीर त्रास क्वचितच होतो. आयुष्मानच्या यादीत नाव आहे का, ते जवळच्या सेवा केंद्रात जाऊन एकदा तपासून घ्यावे, आजारी पडण्याच्या आधी.

यंदाची वेचणी संपेल, आदिलाबादच्या मार्केट यार्डात कापसाच्या गाड्या लागतील आणि हातात थोडे पैसे येतील. पोटाचे दुखणे घेऊन हैदराबाद-नागपूरची बस पकडणारे त्यानंतरच निघतात. त्यातल्या काहींना डॉक्टर विचारतील, ‘इतके दिवस कुठे होता?’ या प्रश्नाचे उत्तर एकट्या रुग्णाने द्यायचे नाही. दोन्ही राज्यांच्या आरोग्य खात्यांनीही ते द्यायला हवे.